काळी एकमधलं गाणं

मित्रांनो, आधी माझ्या डोक्यावरची ही पापडांची परात कुणीतरी खाली ठेवा, मग बोलू. हं! आता कसं मोकळं वाटलं. वाजवायची वस्तू म्हणून जन्माला आलो आणि उतारवयात दुपारभर टेबल होऊन बसतो, आता काय म्हणावं? संध्याकाळी मात्र परात उतरते, हेही सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही उगाच हळहळाल.

तर मी एक जुना ऑर्गन आहे. पेटी नव्हे, बरं का! पेटीवाला मांडी घालून बसतो आणि एका हाताने भाता हलवत राहतो. माझ्यापुढे खुर्ची टाकून बसावं लागतं. माझ्या पायथ्याशी दोन फळ्या आहेत. त्या पायांनी आळीपाळीने दाबल्या की माझा भाता भरतो आणि वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. पाय थांबले की माझा आवाज बंद.

माझा जन्म नागपूरचा. जागेश्वर मिस्त्री नावाच्या कारागिराने मला सागवानात घडवलं. पितळेचा एकेक सूर ते कानशीने घासायचे, तोंडाने फुंकून ऐकायचे, नाक मुरडायचे आणि पुन्हा घासायचे. त्यांचा मुलगा कंटाळून म्हणायचा, "बाबा, झालं ना आता!" मिस्त्री म्हणायचे, "तुह्या कानाले झालं, माह्या कानाले नाही झालं." असा हट्टी बाप मिळाला म्हणून माझा सूर आजवर टिकला आहे.

मला न्यायला आले ते साकोलीजवळच्या एकोडी गावचे वासुदेवराव. धानाची शेती करणारा तरणाबांड माणूस, आणि गावच्या नाट्य मंडळाचा वाजवणारा. त्यांनी मला धानाच्या पेंढ्यात, म्हणजे तणसात गुंडाळलं, ट्रकमध्ये चढवलं आणि नागपूर ते एकोडी स्वतः माझ्याजवळ मागे बसून आले. ड्रायव्हरने पुढे बसायला बोलावलं, तर म्हणाले, "नको, याले धक्के लागतीन." मित्रांनो, मला तिथेच तो माणूस आवडला.

धान कापून झालं की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं उभी राहतात. मंडप पडतो, पोरंबाळं तणस अंथरून पुढची जागा धरतात. स्टेजच्या अगदी पुढे मी आणि वासुदेवराव. नायकाचं काम करणारे भय्याजी गायला उभे राहिले की आधी वासुदेवरावांकडे बघायचे. वासुदेवराव डाव्या हाताने मला नुसता स्पर्श करायचे आणि भय्याजींच्या आधी मीच सूर सांगायचो. तो सूर नेहमी एकच असायचा. माझ्या पट्ट्यांमधली पहिली काळी, म्हणजे काळी एक. भय्याजींचा आवाज तिथेच नीट बसायचा आणि वासुदेवरावांचाही. मग काय, आख्खं मंडळ काळी एकमध्ये गाऊ लागलं. लोक म्हणायचे, "ऑर्गन आहे का माणूस आहे बापा?" मी मनातून फुलून जायचो.

आता रुखमिणीबाईंबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट खरं तर त्यांचीच आहे. त्या वासुदेवरावांच्या पत्नी. धान रोवण्याच्या दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बायकांची रांग लागायची, चिखलात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, खोवत खोवत बायका मागे मागे सरकायच्या, आणि त्या रांगेत गाण्याची पहिली ओळ नेहमी रुखमिणीबाईंची. एकदा घरी आल्यावर त्या पाय धुता धुता तेच गुणगुणत होत्या. वासुदेवराव ताडकन उठून माझ्यापाशी आले. "थांब, थांब. हे पुन्हा म्हण." त्यांनी ती चाल माझ्यावर धरली, शब्द नवे घातले, आणि पुढच्या नाटकात ते गाणं असं गाजलं की विचारू नका.

पऱ्हे सरले, रोवण झालं, बांधी हिरवी झाली,
वाट पायता पायता सखे, सांज दारी आली.

गाणं गायलं भय्याजींनी. टाळ्याही त्यांनाच मिळाल्या. चाल जिच्या गळ्यातून निघाली, ती बायकांच्या घोळक्यात बसून ऐकत होती. घरी आल्यावर रुखमिणीबाई एकदाच म्हणाल्या होत्या, "मले शिकवता का हो वाजवाले? मी वाजवीन अन् मीच म्हणीन." वासुदेवराव हसले. "बाईमाणसानं पाय हालवत ऑर्गन वाजवणं बरं दिसत नाही." माणूस वाईट नव्हता, मित्रांनो, पण हे असं म्हणाला खरा. त्यानंतर रुखमिणीबाई मला फक्त पुसायच्या. पुसता पुसता एखादी पट्टी चुकून दाबली गेली की त्यांचं फडकं क्षणभर तिथेच थांबायचं.

पुढे वर्षं गेली. मंडळांनी विजेवर चालणारे कीबोर्ड आणले. काखेत मारून नेता येतो, शंभर आवाज काढतो, म्हणे. काढत असेल बिचारा. मला वासुदेवरावांच्या समोरच्या खोलीत आणून ठेवलं. ते रोज सांजेला माझ्यापुढे बसायचे, थोडं वाजवायचे, झाकण लावायचे. हळूहळू गुडघे दुखू लागले आणि तेही कमी झालं. उंदरांनी माझा भाता एका बाजूने कुरतडला. मी वाट बघत राहिलो. वाट बघणं हे काम काय असतं, ते एखाद्या न वाजणाऱ्या वाद्याला विचारा.

आणि मग या उन्हाळ्यात वासुदेवरावांना लकवा मारला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांचा उजवा हात लुळा होता आणि वाचा गेली होती. समजायचं सगळं. ओठ हलायचे, मानेच्या शिरा ताणल्या जायच्या, पण बाहेर यायचं ते नुसतं "हां... हां..." स्वतःच्या बायकोचं नाव घ्यायला गेले तरी तेच. मग ते चिडून डाव्या हाताने खाटेवर मारायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. ज्या बोटांसाठी मी इतकी वर्षं झुरलो, ती माझ्यापासून हातभर अंतरावर चादरीवर पडून होती. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

डॉक्टरीणबाईंनी मात्र एक गोष्ट सांगितली होती. रुखमिणीबाईंनी ती घरी येऊन मुलाला, मोनूला, पुन्हा पुन्हा सांगितली. "ज्याची वाचा जाते नं मोनू, त्याच्या तोंडून कधी कधी गाणं निघते म्हणे. बोलणं अलग राहते, गाणं अलग राहते. त्याइच्या ओळखीचं गाणं त्याइच्या संग म्हणाचं. पण लवकर. लय दिवस जाऊ द्याचे नाहीत, असं म्हणे त्या."

मग काय, रुखमिणीबाई गायला बसल्या. खाटेजवळ बसून त्यांनी तेच गाणं म्हटलं. वासुदेवराव भिंतीकडे बघत राहिले. टीनाने, म्हणजे मोनूच्या मुलीने, मोबाईलवर नाटकातली गाणी लावून पाहिली. काही नाही. एक दिवस रुखमिणीबाई गाता गाता माझ्या अंगावर रेलल्या, त्यांचा पाय फळीवर पडला, हात पट्टीवर पडला आणि मी फाटक्या भात्यातून कण्हल्यासारखा आवाज काढला. वासुदेवरावांनी मान वळवली! सरळ माझ्याकडे पाहिलं!

"टीने," रुखमिणीबाई म्हणाल्या, "याइले नुसतं गाणं नाही पायजे. याइले ऑर्गन पायजे."

मोनूने सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापले, पंक्चरचं सोल्युशन लावलं आणि माझ्या भात्याला ठिगळं मारली. वास फार वाईट होता, पण हवा टिकली. आता वाजवणार कोण? गावात वाजवणारा उरला नव्हता. नाटकाच्या मंडळातले कीबोर्डवाले रोज कुठून येणार? रुखमिणीबाईंनी पदर खोचला आणि खुर्ची ओढली.

मित्रांनो, पहिले दिवस काय सांगू! इकडची पद्धत अशी की गळा जिथे जिथे जाईल तिथे तिथे बोटं धावली पाहिजेत. वासुदेवराव तसंच वाजवायचे. रुखमिणीबाईंनी तेच पाहिलेलं. त्या एकेक शब्दामागे एकेक पट्टी शोधू लागल्या. बोट सापडलं की शब्द विसरायच्या, शब्द आठवला की पाय थांबायचे, पाय थांबले की मी मुका. "पऱ्हे" म्हणून झालं की "सरले" यायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात चहा उकळून ऊतू जायचा. मोनू दारातून म्हणाला, "आई, राहू दे न वं. कायले त्रास करून घेऊन राहिली?" तर त्या म्हणाल्या, "तू जाय तुह्या कामाले."

टीना अकरावीत शिकते. तिने मोबाईलवर एक शिकवणाऱ्या बाई शोधून काढल्या आणि आजीला आपल्याजवळ बसवलं. "आजी, तू चुकून राहिली. जे गातेस ते वाजवाचंच नाही."

"आं? मंग का वाजवाचं?"

"तीन पट्ट्या एकसंग दाबाच्या अन् धरून ठेवाच्या. वरून तू आपलं गा. याले कॉर्ड म्हणतात. एक सा-ग-प, एक म-ध-सा, एक प-नी-रे. बस्स, तीनच. सारं गाणं त्याच्यातच बसते."

रुखमिणीबाईंनी तीन बोटं ठेवली. मी तीन सुरांनी एकदम बोललो. त्या दचकल्या, मग हसल्या. "अवो माय! हे तं रोवण्यावानीच आहे. तीन पऱ्हे एकसंग खोवाचे." त्या दिवसापासून त्यांनी त्याला जुडी म्हणायला सुरुवात केली. पहिली जुडी, दुसरी जुडी, तिसरी जुडी. सा-ग-पवर गाणं घरात बसल्यासारखं असतं. म-ध-सावर अंगणात येतं. आणि प-नी-रेवर आलं की त्याला परत घरी जायची ओढ लागते. हे टीनाने समजावलं नाही, रुखमिणीबाईंच्या गळ्यानेच ओळखलं.

पाय मात्र आडमुठे. गाण्यात जोर आला की त्या फळ्यांवर थयथय नाचल्यासारखं करायच्या आणि माझा भाता फुगून फुटायला यायचा. "आजी, हळू! ढेकीवर धान नाही कांडून राहिली तू!" टीना ओरडायची. पण पावसाळाभर त्या दोघी बसल्या. भाकरीचं पीठ मळतानासुद्धा रुखमिणीबाईंचे पाय चुलीपुढे आळीपाळीने हलायचे. खाटेवरून वासुदेवराव माझ्याकडे बघायचे, रोज बघायचे, आणि गाणं सुरू झालं की थोड्या वेळाने मान फिरवायचे.

का फिरवायचे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मोबाईलमधल्या बाईंनी शिकणाऱ्याला सोपं जावं म्हणून सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर शिकवलं होतं. पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी पाच. दिसायला सरळ, बोटाला सोपं. पण वासुदेवरावांचं गाणं पांढरीत कधी नव्हतंच. त्यांच्या कानाला ते कुणा परक्याच्या घरातलं गाणं वाटत होतं. मी आतल्या आत तडफडत होतो, काळी एक, अहो काळी एक! पण मला तोंड कुठे आहे? जी पट्टी दाबाल तोच मी बोलणार.

दिवाळी झाली, गावची मंडई आली. मंडई म्हणजे आमच्याकडचा मोठा सण. बाहेर दुकानं लागतात, दिवसा दंडार हा आमचा लोकनाच रंगतो, घरोघरी पाहुणे भरतात. आमच्याही घरी भरले. पांढरे केस झालेले भय्याजीही आले. मित्राचा हात हातात घेऊन बसले. मग कुणीतरी म्हणालं, "काकू वाजवते म्हणे आता ऑर्गन!" सगळे मागे लागले. रुखमिणीबाई लाजत लाजत बसल्या आणि मित्रांनो, त्या दिवशी त्यांनी एकही चूक केली नाही. पाय संथ, तिन्ही जुड्या जागच्या जागी, वरून तो रोवण्यातला गोड गळा. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. भय्याजी म्हणाले, "वा वहिनी! मस्त! आम्ही कायले नाचलो इतकी वर्षं?"

रुखमिणीबाईंनी फक्त खाटेकडे पाहिलं. वासुदेवराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. डाव्या हाताने त्यांनी चादर कानापर्यंत ओढली.

पाहुणे दंडार बघायला बाहेर गेले. रुखमिणीबाईंनी माझं झाकण लावलं आणि त्यावर कपाळ टेकलं. "सहा महिने होऊन राहिले टीने. डॉक्टरीणबाई लवकर म्हणे. अजून का करू मी? मले नाही आता जमत." बाहेर ढोलकी वाजत होती आणि त्या झाकणाखाली मी काळी एक घेऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या पायांची धूळ घरभर झाली होती. रुखमिणीबाई फडकं घेऊन मला पुसू लागल्या, सवयीने. पांढऱ्या पट्ट्यांवरून फडकं सरसर गेलं. काळ्यांवर आलं आणि थांबलं. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि बोटाने चाचपून पाहिलं. पहिली काळी मधोमध खोलगट झाली होती. चौथी काळीही तशीच. पांढऱ्यांमध्ये एकच, चौथी, एवढी झिजलेली की तिचा कडेचा तुकडा गेला होता. माझ्या अंगावर वासुदेवरावांच्या बोटांनी इतकी वर्षं चालून पाडलेली ती वाट होती.

"टीने! इकडं ये वं, लवकर!" त्या ओरडल्या. "पाय बरं हे. तुह्या आबाजीचा हात इथं राहे. अन् आपण कुठं रोवून राहिलो? दुसऱ्याच्या बांधीत!"

टीनाने पट्ट्या पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा. काळी एक!"

आता सगळं पुन्हा पहिल्यापासून. काळ्या पट्ट्या उंच आणि अरुंद, पिकल्या बोटांना निसटत्या. सा-ग-प धरलं तर एक काळी, एक पांढरी, एक काळी. म-ध-सा तर तिन्ही काळ्या. रुखमिणीबाई पुन्हा नवशिक्या झाल्या. दिवसभर पाय न हलवता, आवाज न काढता नुसती बोटं मांडून पाहत राहिल्या. जुडी बदलायची म्हटलं की डोळे बारीक करून, वाकून, बोट बोट मांडायच्या. टीना पाठीमागे उभी राहून सांगायची, "थांबू नको आजी, चुकली तरी थांबू नको, पुढं चाल." पण त्या थांबायच्याच.

त्या संध्याकाळी त्यांनी पाय हलवून पहिल्यांदा काळी एक वाजवली आणि खाटेवर हालचाल झाली. वासुदेवरावांनी डाव्या कोपरावर जोर देऊन स्वतःला वर ओढलं होतं. टीना धावली, पाठीला उशी लावली. रुखमिणीबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी गायला सुरुवात केली.

पऱ्हे सरले, रोवण झालं, बांधी हिरवी झाली. इथवर कसंबसं आलं. वाट पायता पायता सखे. आता तिसरी जुडी, प-नी-रे. सापडली. सांज दारी...

आणि पुढची जुडी सापडेना. एकच शब्द उरला होता. पहिल्या जुडीवर परत यायचं, बस्स. पण घाबरलेली बोटं प-नी-रे सोडून उठेनात. त्यांचे डोळे पट्ट्यांवर भिरभिरत होते. गळा थांबला. हात थांबले. पाय मात्र चुलीपुढे शिकलेले, ते चालतच राहिले. मी तिसऱ्या जुडीवर टांगलेला, घरी जायला निघालेला आणि उंबरठ्यावर अडकलेला, तसाच वाजत राहिलो. टीना कुजबुजली, "आजी, थांबू नको न..."

"आ... ली."

आवाज जाडाभरडा होता. आधी नुसती हवा आली, मग सूर आला, आणि तो सूर बरोबर काळी एकवर येऊन बसला. मित्रांनो, माझा तो सूर जागेश्वर मिस्त्रींनी घडवला होता, पण मी शपथेवर सांगतो, त्याच्या जोडीचा सूर मी आयुष्यात ऐकला नाही. वासुदेवरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि स्वतःचाच आवाज ऐकून ते चकित झाले होते.

रुखमिणीबाई गोठल्यासारख्या बसल्या. टीना रडत रडत त्यांचा खांदा हलवत होती, "आजी, आबाजी गायले! पुढं वाजव, पुढं वाजव, थांबू नको!"

"थांबू दे मले पोरी," रुखमिणीबाई म्हणाल्या. "थांबली म्हणूनच तं ते आले."

आता महिना होत आला. वासुदेवरावांना अजून पाणी मागता येत नाही, ते बोट दाखवतात. बायकोचं नाव अजून ओठांवरच अडकतं. मी खोटं सांगणार नाही, त्यांची बोटंही माझ्यावर पुन्हा फिरतील असं मला वाटत नाही, आणि त्यांची आठवण मला अजून रोज येते. पण सांजेला परात उतरते, रुखमिणीबाई खुर्ची ओढतात आणि तेच गाणं धरतात. तिन्ही जुड्या आता त्यांना डोळे मिटून सापडतात. तरीही त्या दर ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबतात. कधी तो शब्द खाटेवरून येतो, कधी येतच नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी अडगळीत एखादं वाद्य असेल तर त्याच्या भात्याला ठिगळ लावा, उंदीर हाकला, ते काम तर कराच. पण घरात एखादं माणूस असेल ज्याला शब्द उशिरा सापडतात, आजोबा असतील, एखादी अडखळत बोलणारी बहीण असेल, तर त्यांचा शब्द त्यांच्याआधी तुम्ही बोलून टाकू नका. रुखमिणीबाई काय करतात ते बघा. त्या गाणं थांबवतात, पाय थांबवत नाहीत. माझ्यात हवा भरत राहतात, मान खाटेकडे वळवतात आणि बसून राहतात.

आजही बसल्या आहेत. जरा गप्प राहता का? सांज दारी म्हणून झालं आहे.